मोजणीवाले काका आणि बांचा केक

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या मिशीच्या डाव्या टोकाला हिरवं क्रीम लागलेलं होतं. मी सांगलीहून बडोद्याला नवीन आले होते. सावलीजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि निजामपुऱ्यात एका मराठी कुटुंबाची वरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळल्यावर पत्ता शोधत गेले होते. दार उघडून त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हातातली बशी पुढे केली.

"आधी हे खा. मग बोलू."

बशीत केकचा फिकट हिरवा तुकडा होता. मी दारातच उभी राहून खाल्ला.

"काय लागतंय?"

"छान आहे," मी म्हणाले.

"छान हे मत झालं. मला माप हवंय. काय लागतंय, कधी लागतंय, कुठे लागतंय?"

मी डोळे मिटून दुसरा घास घेतला. "आधी काहीच नाही. मग गिळताना एकदम आजीच्या देवघरात गेल्यासारखं वाटतं. कापूर आहे का?"

त्यांनी आनंदाने स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि आत हाक दिली, "अगं ऐकलंस का? भाडेकरू मिळाली!"

आतून काकूंचा आवाज आला, "आधी मिशी पुसा."

खोली मी नंतर पाहिली. तीन वर्षं राहिले तिथे.

काकांचे आजोबा संस्थानच्या काळात जमीन मोजणीच्या खात्यात होते. वडीलही त्याच कामात होते आणि काका स्वतः सरकारी मोजणी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले. सगळ्या गल्लीला ते 'मोजणीवाले काका' म्हणूनच माहीत होते. केक त्यांच्या आयुष्यात आला तो काकूंच्या साठाव्या वाढदिवसाला. बेकरीतून आणलेल्या केकवर काकूंचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं आणि शेवटची दोन अक्षरं जागा न उरल्यामुळे खाली घसरली होती. बाकी सगळ्यांनी हसून केक खाल्ला. काका मात्र रात्रभर अस्वस्थ होते म्हणे. "असा नकाशा कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी परत पाठवला असता," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीसदा ऐकलं.

म्हणून त्यांनी आधी क्रीमने लिहायला शिकायचं ठरवलं. केक करायला शिकले ते त्यानंतर. क्रीम वाया जाऊ नये म्हणून उकडलेल्या बटाट्याचा लगदा पिशवीत भरायचा आणि उलट्या ताटावर अक्षरं गिरवायची. मोडी, बाळबोध, गुजराती, इंग्रजी, सगळ्या वळणांची. लिहून झालं की ताट काकूंकडे जायचं आणि अक्षरांचे बटाटेवडे व्हायचे. "दीड महिना रोज बटाटा," काकू सांगायच्या. "शेवटी मी म्हटलं, अहो, आता तुम्ही सुरणावर लिहा."

माझ्या वेळेपर्यंत बटाट्याचे दिवस सरले होते आणि काका चवींच्या मागे लागले होते. खालून स्टीलच्या ताटावर चमचा वाजला की मी जिना उतरायचा, असा आमचा करार होता. मी प्रयोगशाळेत काम करते म्हणजे माझी जीभही शास्त्रीय असणार, अशी त्यांची ठाम समजूत. प्रत्येक केकला ते क्रमांक द्यायचे. एका जाडजूड रजिस्टरमध्ये केकचा उभा छेद काढलेला असायचा, त्यात कुठल्या थरात काय, हे बारीक सुबक अक्षरात. खाली 'चाचणीदाराचा अभिप्राय' या शीर्षकाखाली मला लिहून सही करावी लागे. एकदा मी घाईत 'मस्त' एवढंच लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर लाल शाईत शेरा होता: 'अपुरे. पुन्हा खाऊन लिहावे.'

केकचे थर सपाट आहेत का हे ते गवंड्याच्या पाणसळीने बघत. ती पाणसळ स्वच्छ धुऊन, पुसून, वेगळ्या डब्यात ठेवलेली असे. करजणला त्यांच्या मेव्हण्यांकडे एकदा तीन मजली केक न्यायचा होता. काका गाडी चालवत होते, मी मागे केक धरून बसले होते आणि माझ्या मांडीवर, केकच्या शेजारी, ती पाणसळ. "बुडबुडा कुठेय?" ते दर दोन मिनिटांनी विचारायचे. "मध्ये आहे, काका." "बरोब्बर मध्ये?" हायवेवरचे ट्रक भोंगे वाजवत आम्हाला मागे टाकत होते आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने करजणला पोचलो. केक सरळ होता. माझी मान दोन दिवस वाकडी होती.

चवींच्या बाबतीत मात्र त्यांना कसलीच भीती नव्हती. बडोद्याचा तो ओलसर हिरवा चिवडा, लीलो चेवडो, त्यांनी एकदा दोन थरांच्या मध्ये पसरला होता. तो केक आंबट, तिखट, गोड आणि कुरकुरीत होता, आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल, पण बरा लागला होता. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर सगळी गल्ली पतंग उडवत असताना त्यांनी उंधियूचा, त्या वांगी-पापडीच्या मिश्र भाजीचा, केक आणला. तो बरा लागला नाही. समोरच्या घरातल्या एका गृहस्थांनी तोंडात घास तसाच ठेवून बराच वेळ आकाशाकडे बघत पतंगाचं निमित्त केलं. काका वहीत नोंद करत होते. "वांगं चुकलं," ते मला म्हणाले. "पण पापडी बघ ने, पापडीत दम आहे." त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा होता. फसलेल्या केकने ते कधी खट्टू झाल्याचं मला आठवत नाही. उलट फसला की ताबडतोब दुसरा सुरू. "आता एक रस्ता बंद झाला ने, म्हणजे मोजणी कमी झाली," म्हणायचे.

आमच्या शेजारी एक जैन कुटुंब राहायचं. त्या घरातल्या आजींना सगळी गल्ली 'बा' म्हणायची. बा दिवसभर ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलेल्या असत, पांढरी साडी, पायाने हलकेच झोका देत. काकांचा कुठलाही नवा केक तयार झाला की तो आधी मधल्या बुटक्या भिंतीवर ठेवून बांना दाखवला जाई. बा झोपाळा थांबवून नीट बघत. पाकळ्या मोजत. कुठल्या बाजूचं फूल मोठं झालंय ते सांगत. एकदा काकांनी मोराचा पिसारा काढला होता तर बा म्हणाल्या, मोर डावीकडे बघतोय आणि पीस उजवीकडे उडतंय, वारा कुठून येतोय? काका चक्क आत गेले आणि मोराची मान फिरवून आले.

पण बांनी त्यातला एकही केक कधी चाखला नव्हता. "सरस छे भाई, पण मारा कामनुं नहीं," एवढं म्हणून त्या पुन्हा पाय रेटायच्या. अंड्याचे केक भाजलेल्या भट्टीतलं त्यांना चालणं शक्यच नव्हतं आणि काकांनीही कधी आग्रह केला नव्हता.

मग एका दिवाळीनंतर, भिंतीवरचा केक बघता बघता बांनी विचारलं की माझ्यासाठी असं काही होऊ शकतं का. जानेवारीत त्यांना नव्वद पूर्ण होणार होती. मी तिथेच उभी होते. काकांच्या हातातली सुरी खाली पडली. बा पुढे म्हणाल्या, "तमे कहेशो के बा खाव, तो खाईश." तुम्ही सांगितलंत की बा खा, तर खाईन, मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

काका त्या दिवशी चालत घरात आलेच नाहीत. पळत आले. "अगं, बा खाणार! बा खाणार म्हणतायत!" काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं आणि खुर्चीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी काका रजिस्टर आणि पेन्सिल घेऊन बांच्या झोपाळ्यासमोर बसले, नियम उतरवून घेतले आणि खाली स्वतःची सही केली. अंडं नाही. मध नाही. लोणी नाही. यीस्ट नाही. जमिनीखाली उगवणारं काही नाही. कालचं काही नाही, सगळं त्याच दिवशी केलेलं. आणि सूर्य मावळल्यावर काहीच नाही. घरी येऊन ते मला म्हणाले, "आयुष्यात इतकं स्वच्छ काम कुणी मला दिलं नव्हतं. सगळ्या हद्दी आखून दिल्यात!" त्यांचे डोळे चकाकत होते.

नवी छोटी भट्टी आली. नवी भांडी, नवे चमचे, नवा फिरता पाट. ते सगळं बैठकीच्या खोलीत, धुतलेल्या चादरीखाली. त्याला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे. मला त्यांनी एक भिंग दिलं आणि कामाला लावलं. विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूवरची बारीक अक्षरं वाचायची, शंका असेल ते बाद. व्हॅनिलाचा अर्क मीच बाद केला, कारण तो मद्यार्कात होता. एक लाल रंग बाद केला, तो किड्यांपासून काढतात. प्रत्येक बाद वस्तूला काका लहान मुलासारखे टाळी द्यायचे. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता.

केकवर काय काढायचं हेही ठरत नव्हतं. एका दुपारी बा आपल्या माहेराबद्दल बोलल्या. सावलीच्या पुढे एक खेडं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या निघाल्या, मग माहेरचे सगळे धंद्यासाठी मुंबईला गेले, घर विकलं गेलं आणि तिथे जायचं कारणच उरलं नाही. काका ऐकत होते आणि त्यांच्या मांडीवर बोट फिरत होतं. मला कळलं, ते नकाशा काढत होते.

पुढच्या रविवारी मी आणि काका त्या गावी गेलो. मला सावलीचा रस्ता रोजचा, त्यामुळे मी बरोबर. गावात पोचल्यावर काकांनी पिशवीतून टेप काढला आणि देरासरापासून, म्हणजे जैन मंदिरापासून, तळ्यापर्यंतची गल्ली मोजायला सुरुवात केली. टेपचं एक टोक मी धरलेलं. पाच मिनिटांत गाव जमलं. सरकारी मोजणी आली, रस्ता रुंद होणार, घरं जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारबुवा तावातावाने पुढे आले. "क्या नाप रहे हो?"

"केक," काका म्हणाले.

म्हातारबुवांनी मला विचारलं, हे बरे आहेत ना? मग काकांनी गुजरातीत सगळी कहाणी सांगितली आणि गावाचा नूरच बदलला. बांचं घर कुठलं ते दोघांनी सांगितलं, तिसऱ्याने खोडून काढलं, चौथ्याने आपल्या आईला बोलावून आणलं. ओटा अजून तसाच होता. तळंही होतं, काठावर दगडी पायऱ्या. येताना काका गाणं गुणगुणत होते. मधेच थांबून म्हणाले, "नोकरीत हजारो जमिनी मोजल्या मी. आज पहिल्यांदा लोकांनी चहा पाजला."

तळ्याच्या काठाला साखरेचे मोती लावावेत ही सूचना माझी. नव्वद मोती. पाण्याची चमक येईल. काकांना ती इतकी आवडली की त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावाने लिहून ठेवली. मोतीही मीच आणले, केकचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून. बाटलीवर दुकानाची चिठ्ठी होती, हिरवा ठिपका होता, साखर आणि स्टार्च लिहिलेलं होतं. मी भिंगातून वाचलं आणि पास केलं.

वाढदिवस उत्तरायणानंतरच्या रविवारी होता. काका पहाटेपासून उभे होते. वेलची आणि केशराचा केक, वर सकाळच्या ताज्या दुधाच्या सायीचं घट्ट क्रीम, पिस्त्याच्या भुग्याची शेतं, कोकोचे रस्ते, देरासराचा कळस, पायऱ्या, बांचा ओटा. आणि तळ्याभोवती एकेक मोती, चिमट्याने. दुपारी चार वाजता तो भिंतीवरून नाही, पुढच्या दारातून, चौघांनी धरून शेजारी नेला. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. बांना खुर्चीत बसवलं होतं.

बांनी केककडे पाहिलं. कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी बोट उचललं आणि केकच्या वर हवेतच, न टेकवता, देरासरापासून निघाल्या. गल्लीने वळल्या. एका घरापाशी थांबल्या, काहीतरी नाव पुटपुटल्या. पुढे आल्या आणि ओट्यावर बोट स्थिर झालं. "आ अमारुं," त्या म्हणाल्या. हे आमचं. काका माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

पाचला कापायचा होता. काकू साडी बदलायला घरी गेल्या होत्या, त्यांना बोलवायला मी पळत आले. काकू नेसून तयार होत्या, पण हात ओले होते. मोत्यांची रिकामी बाटली मोहरी ठेवायला बरी म्हणून त्यांनी पाण्यात टाकली होती.

"अगं, हे बघ ना," त्या म्हणाल्या. "वरची चिठ्ठी सुटली तर खाली दुसरीच निघाली."

मी बाटली घेतली. खाली मूळ कारखान्याची चिठ्ठी होती, बारीक इंग्रजी अक्षरांत. साखर. स्टार्च. आणि तिसरा शब्द, जिलेटिन. म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी. मी काकूंना शब्दाचा अर्थ सांगितला. काकू एवढंच म्हणाल्या, "पळ."

मी शिरले तेव्हा बांच्या हातात सुरी होती. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत. मी काकांच्या कानात सांगितलं आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "काका, मोती उचलून टाकू या का? कुणाला कळणार नाही." हे मी बोलले, हे मला अजून आठवतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जणू त्यांना माझं बोलणं नीट ऐकूच आलं नव्हतं. मग ते दोन पावलं पुढे झाले.

"बा, जरा थोभो."

सगळे थांबले.

"आ तमाराथी नहीं खवाय," ते म्हणाले. हे तुम्हाला खाता येणार नाही. "मोत्यांत अभक्ष्य आहे. आत्ताच कळलं. मारी भूल छे."

बांचा मुलगा पुढे आला. भला माणूस. "अंकल, मोती काढी नाखो ने, चालशे."

"नहीं चाले. क्रीम ओलं आहे, मोत्यांचं पाणी त्यात उतरलेलं आहे. नहीं चाले."

मला राहवलं नाही. माझी गुजराती तेव्हा तुटकी होती, मी हिंदीतच बोलले, "बा, मोती मैं लाई थी. गलती मेरी है."

"रजिस्टरवर सही माझी आहे," काका माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले. "तू गप्प बस."

कुणीतरी पाठीमागे चुकचुकलं. बांनी सुरी सावकाश ताटात ठेवली. त्या काकांकडे बघत होत्या आणि काका जमिनीकडे. मग बांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"सूरज हजी छे ने?"

सूर्य अजून होता. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वासहाच्या सुमारास मावळणार होता.

"जोयुं तो खरुं ने," बा केककडे हात करून म्हणाल्या. बघून तर झालं ना. "हवे खावानुं बनावो. मारा रसोडामां." आता खायचं करा, माझ्या स्वयंपाकघरात.

त्यानंतरचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. काका आमच्या घरातलं काहीही आणायला तयार नव्हते. नवी भट्टी नको, नवा चमचाही नको. "आज माझ्या घरातल्या कशाची खात्री मी देणार नाही," म्हणाले. जे काय करायचं ते बांच्या घरातल्या जिनसांतून आणि बांच्या भांड्यांत. पण तिथे भट्टी नव्हती. बांच्या सूनबाईंनी, ज्यांना मी भाभी म्हणायचे, फळीवरून हांडव्याचा, म्हणजे डाळतांदळाचा तिखट केक भाजायचा, कुकर खाली काढला. खाली वाळूची ताटली, वर झाकण आणि झाकणाला काचेची छोटी खिडकी. काकांनी त्यात कधी काही केलं नव्हतं.

"कणीक किती ग्रॅम?" काका विचारत होते.

"अंदाजे, अंकल!" भाभी म्हणाल्या.

"अंदाजे म्हणजे किती?"

"अहो, तुम्ही बाजूला व्हा," काकू पदर खोचत आत आल्या. "वेलची सोला."

बा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून कारभार सुरू झाला. घरचं तूप. बारीक चिरलेला गूळ, दुधात विरघळवून. भाभींनी त्या सकाळीच दळून आणलेली कणीक. लिंबू पिळून घेतलं, चिमूटभर सोडा घातला आणि पीठ फसफसून वर आलं तसे काका ओरडले, "आलं! आलं!" हॉलमधली सगळी मंडळी दाराशी गोळा झाली होती. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी कुकर मंद आचेवर चढला. त्या एवढ्याशा काचेच्या खिडकीपाशी काका वाकून बसले आणि बातम्या द्यायला लागले. "कडा सुटतायत. मध्ये अजून ओलं आहे. बा, उजवीकडे फुगलाय!" बांचा मुलगा ओसरीवरून सूर्याच्या बातम्या देत होता. "हजी झाडाच्या वर आहे! आता झाडाला टेकला!" मी कुठे बघावं हेच मला समजत नव्हतं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना काकूंनी सुरी खुपसून बघितली. सुरी कोरडी आली. थंड करायला वेळ नव्हता. भाभींनी ताट उपडं घातलं, कुकर उलटा केला आणि केक बाहेर आला. एका बाजूला करपलेला, कडेचा एक तुकडा कुकरातच राहिलेला, वर चीर गेलेली. काकांनी एकदा त्या चिरेकडे हात नेला आणि मागे घेतला.

"लखवानुं रहेवा दो," बा म्हणाल्या. लिहायचं राहू द्या.

काकांनी तुकडा कापला. वाफ निघत होती. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "बा, खाव."

बांनी फुंकर घातली. घास घेतला. त्या डोळे मिटून सावकाश चावत होत्या, दात थोडेच उरले होते. काकांनी, ज्यांनी मला तीन वर्षं एका क्षणाचीही उसंत न देता 'काय लागतंय' विचारलं, त्या वेळी काहीच विचारलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता.

बांनी डोळे उघडले. "अरे," त्या म्हणाल्या, "आ तो सुखडीनी बेन छे!"

आणि हसल्या. सुखडी म्हणजे गुळाची, तुपाची, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होणारी वडी. तिची बहीण! सगळं घर हसायला लागलं. भाभी हसता हसता डोळे पुसत होत्या. बांनी आणखी एक तुकडा मागून घेतला, तोही संपवला, पाणी प्यायल्या आणि बाहेर ऊन विटांच्या भिंतीवरून उतरत असताना हात जोडून उद्यापर्यंत काही न घेण्याचा नेम केला.

तो मोठा नकाशाचा केक काकांनी घरी आणला आणि त्याच संध्याकाळी गल्लीतल्या ज्या घरांत असलं चालतं तिथे, मोत्यांचं सांगून, वाटून टाकला. मोती मात्र सगळे काढून फेकले. लोक वाहवा करत होते आणि काका पुढच्या घराकडे वळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी घेतली होती. खाली आले तर त्यांनी नव्या भट्टीवर चादर घातलेली होती आणि रजिस्टर कपाटाच्या वरच्या फळीवर होतं.

"बस झालं," ते म्हणाले. "माणूस म्हणतो, तुम्ही सांगितलं तर खाईन. आणि मी दोन मिनिटांवर येऊन कळवतो. सुरी हातात होती त्यांच्या." मी बाटलीबद्दल काही बोलायला गेले तर त्यांनी हात हलवला. काकूंनी मला खुणेने गप्प केलं.

साडेनऊच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली. बा आल्या होत्या, एका हातात काठी, दुसरा भाभींच्या खांद्यावर. त्या बैठकीत थांबल्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि जेवायच्या टेबलाच्या खुर्चीवर बसल्या. काका उभेच.

बांनी पदराने चेहरा टिपला. "पाणी पाजशो?" म्हणाल्या.

काकू जागच्या जागी थिजल्या. भाभींनी चमकून सासूकडे पाहिलं. बा म्हणाल्या, "उकाळेलुं."

काका धावले. नवं पातेलं, तेच जे त्यांनी बांच्या केकसाठी आणून ठेवलं होतं, पुन्हा धुतलं, घासून पुन्हा धुतलं, पाणी गाळलं आणि गॅसवर ठेवलं. चांगलं खळखळून उकळू दिलं. मग थंड व्हायला ताटात पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं आणि रजिस्टरचा पुठ्ठा काढून त्याने वारा घालायला लागले. वीस मिनिटं बा बसून होत्या. काल कुकरमधून उरलेला तुकडा आज चालत नाही म्हणून गायीला घातला, असं त्या काकूंना सांगत होत्या.

पाणी थंड झालं. काकांनी पेला दिला. बांनी तो दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि टेबलावर ठेवला.

त्या गेल्यावर काकूंनी मला सांगितलं, बावीस वर्षं आम्ही शेजारी राहतो. सण झाले, लग्नं झाली, दोन्ही घरांत मरणं झाली. बांनी या घरात पाणी कधी घेतलं नव्हतं.

काका हे ऐकायला आत नव्हते. ते चपला घालून केव्हाच बाहेर पडले होते. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी आधी समोरच्या घराची बेल वाजवली. मग पलीकडच्या घराची. मग भाजीची हातगाडी थांबवली आणि दुधी निवडणाऱ्या दोन बायकांना हातवारे करून सांगायला लागले, केकबद्दल अक्षरही नाही, "बांनी आज आमच्याकडे पाणी प्यायलं! अख्खा पेला!"